खऱ्या कामाची भातुकली : तीन वर्षांच्या मुलीसाठी टिकाऊ स्वयंपाकघर कसे करावे?

पाटपाणी, इंदूर

नमस्कार. माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिला नातेवाइकांकडून प्लास्टिकचे मोठे खेळातले स्वयंपाकघर भेट मिळाले. त्यात बटण दाबले की शेगडी लाल होत असे आणि फोडणीचा आवाज येत असे. नळ होता, पण त्यातून पाणी येत नसे. आठ-दहा दिवस ती त्यात रमली. नंतर मात्र ती तिथून उठून माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली आणि "मला खरे दे" असा हट्ट धरू लागली. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्याच्या दाराची बिजागरी तुटली आणि आवाजही बंद पडला.

ते टाकून देण्याची वेळ आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या शहरात कचरागाडीला सहा कप्पे आहेत, तरी ही वस्तू त्यांपैकी एकाही कप्प्यात सरळ जात नाही. मी आणि सासूबाई एका दुपारी पेचकस घेऊन बसलो. सेल घातक कचऱ्यात गेले, आवाजाची इवलीशी पट्टी ई-कचऱ्यात गेली, स्क्रू वेगळे काढले, आणि प्लास्टिकच्या पत्र्यांवर चिकटवलेली भाज्यांची चित्रे काही केल्या निघेनात. चार महिन्यांच्या खेळासाठी एवढे सामान घरात आणायचे आणि मग असे तोडायचे, हे मनाला फार लागले.

म्हणून आता असे स्वयंपाकघर करावे असे वाटते, ज्यात ती खरोखर काही करू शकेल: हात धुवील, कणीक मळील, केळे कापील, आपली वाटी आपण विसळील. जागा फार नाही. ओट्याच्या टोकाला, बाल्कनीच्या दाराजवळ, तीन फुटांची भिंत मोकळी आहे. आजेसासूबाईंची पितळी भातुकली माळ्यावर आहे, तिच्यात बंब, जाते, शेगडी, सोऱ्या, परात असे तेवीस नग निघाले. ती खऱ्या खाण्यासाठी वापरता येईल का? लाकूड कोणते घ्यावे? पाण्याची सोय कशी करावी? आणि सुरी कधी हातात द्यावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बालवाडीच्या बाई

ताई, मी एकतीस वर्षे बालवाडीत शिकवले, त्यातली शेवटची चौदा इंदुरात. "मला खरे दे" हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की तुमचा प्रश्न वाचताना ती सगळी डोळ्यांपुढे आली.

मारिया मोंटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. खेळणी समोर असतानाही मुले खऱ्या कामाकडेच वळतात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि झाडणे, पुसणे, पाणी ओतणे, वाढणे ही कामे शिक्षणातच आणली. पुढे १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि युद्धाच्या काळात भारतातच राहून शिक्षकांना शिकवत राहिल्या. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी हाच विचार आपल्या मातीत रुजवला. महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून शिकवण्याची साधने केली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांच्याकडे टिकाऊपणा आणि काटकसर ही कामाची अटच होती.

आता तुमच्या घराकडे येते. कपाट विकत घेण्याआधी आठवडाभर केवळ पाहा की ती तुमच्या ओट्यापाशी येऊन नेमके काय मागते. बहुतेक मुले पाणी मागतात आणि पीठ मागतात, शेगडी मागणारी थोडी. तिच्या हाताला येईल अशी एक फळी द्या आणि तीवर लहान पण खऱ्या वस्तू ठेवा: चहाच्या कपाएवढी स्टीलची पातेली, सहा इंचांचे पोळपाट, त्याला साजेसे लाटणे, एक किसणी नव्हे तर एक रवी, दोन वाट्या, एक फडके. किसणीने बोटे सोलवटतात. ती सहाव्या वर्षी द्यावी.

तीन वर्षांच्या मुलीला मटार सोलता येतात, मेथी निवडता येते (काड्या तुम्ही नंतर काढाल, ते तिच्यासमोर काढू नका), ताक घुसळता येते, चाळणीतून पीठ चाळता येते. सुरीचे म्हणाल तर साध्या टेबल-सुरीने पिकलेले केळे, उकडलेला बटाटा आणि पनीर उत्तम कापले जाते. माझ्या वर्गात मी केळे सोलून आधी उभे चिरून देत असे, म्हणजे सपाट बाजू पाटावर बसते आणि केळे घरंगळत नाही. एवढीशी युक्ती, पण तिच्यामुळे बोट कापल्याचा एकही प्रसंग माझ्या वर्गात आला नाही.

आणि एक सावधगिरीची सूचना. भातुकलीत आपण परंपरेने चुरमुरे, डाळे, गूळ, शेंगदाणे देतो. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचे कूट करून द्यावे. लाडू वळायला तर कूटच लागते.

रंधा

मी सुतार नाही, पण लाकडाची हौस आहे आणि मुलासाठी असे स्वयंपाकघर दोनदा केले आहे. दोनदा अशासाठी की पहिले बिघडले, आणि ते कशाने बिघडले हे सांगणे तुमच्या उपयोगाचे ठरेल.

पहिल्या वेळी मी एका दुकानातून तयार लॅमिनेट लावलेले पार्टिकल बोर्डाचे छोटे कपाट आणले आणि त्यात भांडे बसवण्यासाठी वरून गोल भोक पाडले. भोकाच्या कडेला आतला भुसा उघडा पडला. मुलाने रोज तेथे पाणी खेळले आणि एका पावसाळ्यात ती कड पोळीसारखी फुगली, लॅमिनेट सुटले आणि आतून दमट वास येऊ लागला. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे भुसा किंवा लाकडाचे तंतू राळेने दाबून केलेले असतात. त्या राळेत बहुधा फॉर्माल्डिहाइड असते आणि ते कापलेल्या कडेतून हवेत येत राहते. घ्यायचेच झाले तर ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा शिक्का पाहून घ्यावे. पण जेथे पाणी सांडणार तेथे घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वेळी मी जुने सागवानी टीपॉय घेतले. जुने लाकूड वाळलेले असते, वाकत नाही आणि नवे झाड तोडावे लागत नाही. आपल्याकडे जुन्या घरांच्या पाडकामातून आलेल्या चौकटी, फळ्या आणि फर्निचर विकणारे पुष्कळ आहेत, तेथे संयमाने शोधले तर मिळते. मात्र जुन्या वस्तूला रंग दिलेला असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही, आणि घासल्यावर उडणारी धूळ मुलाच्या पोटात जाते. रंग नसलेले, केवळ पॉलिश केलेले लाकूड निवडणे सोयीचे.

उंची हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आपला ओटा ८० ते ८५ सेंटिमीटर असतो. तीन-सव्वातीन वर्षांचे मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असते आणि उभे राहून हात कोपरातून वाकवला तर कोपर ५५ च्या आसपास येते. कणीक मळताना जोर खाली लागतो, म्हणून काम करायची फळी कोपराच्या पाच-सात सेंटिमीटर खाली, म्हणजे ४८ ते ५० वर ठेवावी. ती वाढेल तसे पायांखाली लाकडी ठोकळे लावत जा, त्यासाठी आधीच पायांना भोके पाडून बोल्टची सोय करून ठेवा. आम्ही तीन वर्षांत दोनदा ठोकळे लावले आणि तेच टीपॉय आज माझ्या मुलाचे अभ्यासाचे मेज आहे. भिंतीला दोन एल-पट्ट्यांनी पक्के करायला विसरू नका, कारण मुले कडेला लोंबकळतात.

पाण्यासाठी मी आधी वीस लिटरच्या जारवर बसतो तो चार्ज होणारा पंप लावला होता. बटण दाबले की पाणी येते, मुलगा खूश झाला. पण तो बटण दाबून निघून जाई आणि पाणी वाहत राही, शिवाय सात-आठ महिन्यांत पंपाची बॅटरी संपली आणि ती बदलण्याची सोयच नव्हती. मग मी तोटी बसवलेले पाच लिटरचे स्टीलचे पिंप आणले, ते वरच्या फळीवर ठेवले आणि तोटीखाली भोकात एक स्टीलचे पसरट भांडे बसवले. तोटी सोडली की पाणी येते, पिंप रिकामे झाले की संपते. यात वीज नाही, नळजोडणी नाही आणि बिघडण्यासारखे एक वायसर सोडले तर काही नाही. रोज सकाळी तीन लिटर पाणी भरायचे आणि दिवसभर तेवढ्यातच भागवायचे, हा आमच्या घरचा नियम. आपल्या इंदुरात नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्य चढून येते आणि घरोघरी एक दिवसाआड सुटते. त्या पाण्याची किंमत मुलाला सांगून कळली नसती, पिंप तळाशी आल्यावर धाग्याएवढी झालेली धार पाहून कळली. खालच्या भांड्यातले पाणी तो स्वतः तुळशीला आणि मोगऱ्याला घाली.

वरून चकचकीत पॉलिश न देता मी कच्चे जवसाचे तेल, म्हणजे आपली अळशी, तीन वेळा पातळ हाताने चोळले. प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस वाळू द्यावे लागते. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' नावाचे जे तेल मिळते ते यासाठी घेऊ नका. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. आणि तेल पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल हवेत वाळताना उष्णता निर्माण करते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

माझा सगळा खर्च ३,४०० रुपये आला, त्यात टीपॉय १,८०० चे.

जुनी पितळ

पाटपाणीताई, तुमच्या तेवीस नगांविषयी लिहिते, कारण माझ्या आजीकडची अशीच भातुकली मी गेली वीस वर्षे जपत आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यात ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो, लोणचे असे आंबट काही ठेवले की ते कळकते, आणि कळकलेले पोटाला बाधते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते म्हणूनच घरोघरी कल्हई होत असे. दुसरी गोष्ट आज्यांना ठाऊक नसावी: जुन्या ओतीव पितळेत कातकाम सोपे जावे म्हणून थोडे शिसेही मिसळलेले असू शकते. म्हणून बंब, शेगडी, जाते, सोऱ्या यांसारखे जाड, ओतीव किंवा कातलेले नग कोरड्या खेळासाठी ठेवा आणि ते तोंडात जाणार नाहीत एवढे पाहा. पत्र्याचे ठोकून केलेले नग, म्हणजे परात, पातेली, वाट्या, यांना आतून कल्हई करून घ्या आणि मग त्यांत चुरमुरे, साखर, पीठ, दूध-पोहे खुशाल द्या. कल्हई असली तरी आंबट पदार्थ मुलांच्या भांड्यात न ठेवणेच बरे.

कसेरा बाजारात विचारणा केली तर कल्हई करणारे अजून भेटतात. करताना मुलीला सोबत न्या, पण धुराच्या अंगाला उभे करू नका. भांडे तापते, नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवताच ती लोण्यासारखी वितळते आणि कापसाच्या एका फेऱ्यात पिवळे भांडे आतून चांदीसारखे होते. माझ्या नातवाने ते पाहिल्यावर घरी येऊन दोन दिवस सगळ्या वाट्यांना कापसाने 'कल्हई' केली. कथील शुद्ध असावे, शिसेमिश्रित डाकाचे नसावे, हे आधी विचारून घ्या. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे रिकामे भांडे गॅसवर ठेवले तर कल्हई उतरते. भातुकलीला तो प्रश्न नाही.

लाकडी भांडी घ्यायची असतील तर लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या बुधनी येथे दुधी नावाच्या झाडाच्या लाकडाची खेळणी लेथवर कातून त्यांवर लाख चढवतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडाला बसते. त्यात वेगळा रंग लावणे नाही. आपली सावंतवाडीची लाकडी भातुकलीही सर्वांना परिचित आहे. एवढे लक्षात ठेवा की लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे अशी भांडी सॅनिटायझरने पुसू नयेत आणि साबणाच्या पाण्यात भिजत घालू नयेत. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत.

बाजारातले तयार खेळणे घेणार असाल तर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणजे कारागिराकडून घेताना चिन्ह नसेल. तेव्हा लाख कोणती, रंग कोणता, हे आपणच विचारायचे.

दोन मुलींचा बाबा

वरची सर्व माहिती मोलाची आहे. तरीही एक वेगळा मुद्दा मांडतो आणि तो बाईंनी मनावर घेऊ नये, अशी विनंती करतो.

आमच्या थोरलीसाठी आम्ही सगळे खरेच ठेवले: खरे पीठ, खरे पाणी, खरे काम. ती कामाला तरबेज झाली, यात शंका नाही. धाकटीच्या वेळी मात्र मी पाहिले की ती बोगनवेलीच्या पाकळ्या पातेल्यात घालून त्यांचे पोहे करते, वर पेन्सिलीच्या सालींची शेव भुरभुरवते आणि मला "जिरावन टाकू का?" (जिरावन म्हणजे आपल्या इंदुरी पोह्यांवरचा मसाला) असे विचारते. थोरलीने असे कधी विचारले नव्हते, कारण तिच्यापुढे नेहमी खरे पोहेच असत. खोटा-खोटा स्वयंपाक हेही मुलांचे खरेच काम आहे. त्यात पाहुणे येतात, बाहुलीला ताप येतो, दूध उतू जाते. म्हणून त्या फळीवर दोन डबे मुद्दाम रिकामे ठेवावेत आणि त्यांत काय भरायचे ते तिच्यावर सोपवावे.

बालवाडीच्या बाई

मनावर कशाला घेईन? तुमचे म्हणणे मला मान्य आहे. भातुकलीत नेहमीच दोन्ही होते: चुरमुरे खरे आणि चुलीतला जाळ खोटा.

पाटपाणी, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. रंधादादा, तुमच्या मापांप्रमाणे सासऱ्यांचे जुने शिसवी मेज ४९ सेंटिमीटरवर कापून घेतले आहे आणि तोटीचे पिंपही आले आहे. कल्हईला अकरा नग दिले, बारा कोरड्या खेळात ठेवले. खाली दोन लहान डबे ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे केले आहेत. मटारची टरफले ती स्वतः हिरव्या डब्यात टाकते आणि सकाळी गाडी आली की डबा घेऊन धावते. ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो आणि त्याच्या गॅसवर शहरातल्या बस चालतात, हे मी तिला सांगितल्यापासून प्रत्येक बस दिसली की "ही माझ्या टरफलांची का?" असे विचारते. दोन डबे रिकामेही ठेवले आहेत.

आता उरला आहे तो विस्तवाचा प्रश्न. तिला "शिजवायचे" आहे. गॅस नको, हे तर ठरलेच आहे. खोट्या शेगडीवर तिचे समाधान होत नाही. यावर कोणी काही केले आहे का?

जुनी पितळ

ताई, विस्तवाऐवजी ऊन वापरा. इंदूर तर सौर स्वयंपाकासाठी ओळखले जाणारे शहर आहे. १९८५ पासून ग्रामीण स्त्रियांना शिक्षण देणाऱ्या इथल्या बरली संस्थेने सौर कुकरचा वापर रुजवला आणि पद्मश्री जनक पलटा मॅक्गिलिगन यांनी सनावदिया गावात सौर स्वयंपाकघर उभे केले. मुलांसाठी पेटीचा कुकर घ्यावा. छत्रीसारखा परावर्तक घेऊ नये, त्याच्या केंद्राशी हात भाजतो आणि चकाकी डोळ्यांना घातक असते. पेटीच्या कुकरलाही आत शंभर अंशांच्या वर उष्णता चढते, म्हणून झाकण उघडणे मोठ्यांनीच करावे. तांदूळ धुणे, पाणी मोजणे, आरसा उन्हाकडे वळवणे आणि दोन तास वाट पाहणे हे तिने करावे. काळ्या रंगाच्या डब्यात वाटीभर भात दोन तासांत होतो.

आणि सध्या एप्रिल सुरू आहे, तेव्हा कुकर येईपर्यंत वाळवण आहेच. मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटा, जिरे आणि मीठ घाला, तिखट घालू नका, म्हणजे डोळ्यांत हात गेला तरी त्रास नाही. तिला तिच्या ताटात सांडगे घालू द्या.

पाटपाणी, इंदूर

काल घातले. तिने सव्वीस घातले, त्यातले काही वाटाण्याएवढे आणि एक तर चक्क पुरीएवढा. मलमलीचे फडके बांधून ताट गच्चीवर ठेवले आहे. दर अर्ध्या तासाने वर जाऊन ती बोटाने दाबून पाहते. वाटाण्याएवढे आज दुपारीच कोरडे झाले; मोठा मात्र आतून अजून ओला आहे, त्यामुळे तो उलटून ठेवला आहे. पेटीचा कुकर शेजारच्या काकूंकडे धूळ खात पडला होता, तो पुसून आणला. त्याच्या झाकणाचे रबर सुकून चिरले आहे. रंधादादा, ते बदलून मिळते का, की कापडी दोरी भरून चालेल?

रंधा

दारांना लावतात तो उष्णता सोसणारा सिलिकॉनचा पट्टा हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, तो बसवा. कापडी दोरीतून वाफ निघून जाते आणि भात कच्चा राहतो. काचेच्या कडेची रुंदी आधी मोजून घ्या. बहुतेक पेट्यांना दहा-बारा मिलिमीटरचा पट्टा बसतो.